केमोचे एकवीस दिवस

केमोथेरपी म्हणजे विभाजन पावणाऱ्या पेशींना मारणाऱ्या औषधांनी केलेला कर्करोगावरचा उपचार. शस्त्रक्रियेने गाठ निघते, किरणोपचार ठरलेल्या जागेपुरता काम करतो. ही औषधे मात्र रक्तातून सगळ्या शरीरात फिरतात आणि मूळ गाठीतून निसटून फुप्फुसात, यकृतात किंवा हाडात दडून बसलेल्या, कोणत्याही तपासणीत न दिसणाऱ्या पेशींपर्यंतही पोहोचतात. काही औषधे पेशीच्या डीएनएला चिकटून त्याची नक्कल होऊ देत नाहीत, काही डीएनए तयार होण्यासाठी लागणारा कच्चा माल तोडतात, तर काही औषधे एका पेशीच्या दोन होताना लागणारे सूक्ष्म धागेच निकामी करतात.

अडचण अशी की, वेगाने विभाजन पावणे हा एकट्या कर्करोगाचा गुण नाही. हाडांच्या मगजात दर सेकंदाला लाखो रक्तपेशी तयार होत असतात. तोंडाच्या आणि आतड्याच्या आतले अस्तर थोड्या थोड्या दिवसांनी नवे होते. केसांच्या मुळांतल्या पेशीही अखंड कामात असतात. औषधांना या पेशी आणि कर्करोगाच्या पेशी वेगळ्या ओळखता येत नाहीत. रक्तातल्या पेशी कमी होणे, तोंड येणे, जुलाब होणे आणि केस गळणे हे दुष्परिणाम त्यातूनच येतात. फरक पडतो तो पुढे: निरोगी पेशी दोन-तीन आठवड्यांत सावरतात, कर्करोगाच्या पेशी तितक्या लवकर सावरत नाहीत. सगळा उपचार या फरकावर उभा आहे. दोन डोसांमध्ये बहुधा २१ दिवसांचे अंतर असते ते त्यामुळेच.

दुष्परिणाम कधी, कोणत्या क्रमाने आणि का येतात, हे आज बऱ्याच अचूकपणे सांगता येते. त्यांतले बरेचसे टाळताही येतात. तरीही आपल्याकडे ‘केमो म्हटल्यावर हे सोसायचेच’ असे मानून मुकाट सहन करणारे रुग्ण फार आहेत, आणि त्यांत घरातल्या बायका जास्त. उपचार अर्धवट सुटण्यामागे, डोस लांबण्यामागे अनेकदा हे न सांगणेच असते.

मुंबईच्या गिरण्या, नंदुरबार आणि सदाफुली

या औषधांची सुरुवात युद्धातल्या विषापासून झाली. मस्टर्ड वायूच्या संपर्कात आलेल्यांच्या शरीरातल्या पांढऱ्या पेशी नष्ट होतात, हे पहिल्या महायुद्धानंतर लक्षात आले होते. अमेरिकेत येल विद्यापीठात लुईस गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी त्याच कुळातले नायट्रोजन मस्टर्ड हे रसायन १९४२ मध्ये लसीका ग्रंथींचा कर्करोग झालेल्या एका रुग्णाला दिले. गाठी विरघळल्या आणि काही काळाने परतही आल्या. युद्धकाळातल्या गुप्ततेमुळे ही माहिती प्रसिद्ध व्हायला १९४६ साल उजाडले.

दुसरा धागा थेट मुंबईतून जातो. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. इथल्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका तीव्र रक्तक्षयाचा त्या अभ्यास करत होत्या. यीस्टच्या अर्कातला कोणता तरी घटक हा रक्तक्षय बरा करतो, असे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. तो घटक म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक ॲसिड. रक्तपेशी तयार व्हायला ते लागते, तर मग ते रोखले तर ल्युकेमियाच्या पेशीही थांबतील का, असा उलटा विचार बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी केला. फॉलिक ॲसिडला अटकाव करणारी रसायने त्यांना अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेतून मिळाली. तिथल्या संशोधनाची सूत्रे येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातून गेलेल्या शास्त्रज्ञाकडे होती. फार्बर यांनी १९४८ मध्ये १६ मुलांवरच्या उपचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतल्या १० मुलांना तात्पुरता उतार पडला होता. तोवर हा आजार झालेली मुले काही आठवड्यांत दगावत. आज योग्य उपचार वेळेवर आणि पूर्ण मिळाले, तर लहान मुलांचा तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया बहुतांश मुलांमध्ये बरा होतो. फार्बर यांच्या औषधाचा धाकटा भाऊ मेथोट्रेक्सेट आजही त्या उपचारात आहे.

त्याच उपचारातले व्हिन्क्रिस्टीन हे औषध सदाफुलीच्या झाडातून मिळाले. अंगणातली सदाफुली ती हीच. म्हणून तिची पाने चावून खाणारेही भेटतात, पण पानात हे द्रव्य अत्यल्प असते, सोबत इतर विषारी द्रव्ये असतात आणि किती पोटात गेले याचा काही हिशेब राहत नाही. स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगात वापरले जाणारे पॅक्लिटॅक्सेल पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून वेगळे केले गेले. ते शोधणाऱ्या दोघांपैकी मनसुख वाणी हे मूळचे नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेला गेले आणि नॉर्थ कॅरोलिनात मनरो वॉल यांच्यासोबत त्यांनी १९७१ मध्ये या रेणूची रचना जाहीर केली. ते औषध रुग्णांना सर्रास मिळू लागायला १९९२ साल उजाडले.

एकच औषध दिले तर कर्करोग त्याला सरावतो आणि परततो, हे सुरुवातीच्या अनुभवांनी शिकवले. त्यामुळे वेगवेगळ्या रीतीने मारा करणारी औषधे एकत्र देण्याची पद्धत १९६० च्या दशकात रुजली. हॉजकिन लिम्फोमासारखा आजार तीमुळेच बरा होऊ लागला.

डोस कसा ठरतो

स्तनाच्या कर्करोगात डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड या जोडीची चार आवर्तने आणि त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल हा एक नेहमीचा आराखडा आहे. ही औषधे शस्त्रक्रियेआधी गाठ लहान करण्यासाठी किंवा शस्त्रक्रियेनंतर उरल्यासुरल्या पेशी मारण्यासाठी दिली जातात. आजार पसरलेला असेल तर हेतू वेगळा असतो: आयुष्य वाढवणे आणि त्रास कमी करणे. आपल्याला केमो कशासाठी दिली जात आहे, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारून घेतलेले बरे. किती त्रास पत्करायचा, याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

उंची आणि वजन यांवरून शरीराचे क्षेत्रफळ काढतात आणि त्यावरून डोस ठरतो. डॉक्सोरुबिसिनचा नेहमीचा डोस चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम आहे. ज्या बाईचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटर आहे, तिला ९० मिलिग्रॅम मिळेल. उपचाराच्या काळात वजन बरेच उतरले तर डोस पुन्हा मोजावा लागतो. प्रत्येक वेळी वजनकाट्यावर उभे करण्यामागे हे कारण आहे.

पहिल्या डोसाआधी रक्ततपासणी, यकृत आणि मूत्रपिंड यांची तपासणी, डॉक्सोरुबिसिन द्यायचे असेल तर हृदयाचा टू-डी एको आणि हिपॅटायटिस बीची चाचणी होते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीरात निपचित पडून असेल तर केमोने तो पुन्हा उठू शकतो. आधी कळले तर गोळ्या देऊन त्याला रोखता येते. किडके दात याच वेळी दाखवून घ्यावेत. आणि ज्यांना पुढे मूल हवे आहे, त्यांनी हा विषय स्वतःहून काढावा. पुरुषांचे वीर्य एक-दोन दिवसांत गोठवून ठेवता येते. स्त्रियांची बीजे किंवा गर्भ साठवायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि बहुतेक वेळा तेवढा अवधी मिळतो. डॉक्टर घाईत असतात, घरच्यांना संकोच वाटतो आणि अविवाहित मुलीच्या बाबतीत तर कोणीच बोलत नाही. डोस सुरू झाल्यावर मात्र ही संधी सहसा हातची गेलेली असते. उपचार चालू असताना गर्भ राहू नये याचीही काळजी घ्यावी लागते.

सलाईनचा दिवस

केमो आता बहुधा डे-केअर विभागात, खुर्चीवर बसून दिली जाते आणि रुग्ण संध्याकाळी घरी जातो. आधी उलटी थांबवणारी इंजेक्शने, मग औषध. डॉक्सोरुबिसिन लालभडक असते. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसते. पॅक्लिटॅक्सेल ज्या द्रावकात विरघळवतात तो एरंडेल तेलापासून बनवलेला असल्याने काहींना त्याची ॲलर्जी येते, आणि ती आली तर बहुधा पहिल्या एक-दोन डोसांत, सुरुवातीच्या काही मिनिटांतच येते. छातीत दडपण, दम लागणे, अंग लाल होणे असे काही वाटताच नर्सला हाक मारावी. त्यासाठी स्टिरॉइड आणि ॲलर्जीविरोधी औषधे आधीच दिलेली असतात. मधुमेह असलेल्यांची साखर या स्टिरॉइडमुळे दोन-तीन दिवस वाढते. त्याची कल्पना आधी द्यावी.

सुई लावलेल्या जागी आग, दुखणे किंवा सूज जाणवली तर क्षणभरही थांबू नये. काही औषधे शिरेबाहेर झिरपली तर तिथली कातडी आणि मांस जळते. शिरा लवकर सापडत नसतील किंवा डोस बरेच असतील, तर छातीच्या कातडीखाली केमो पोर्ट, म्हणजे शिरेला जोडलेली छोटी डबी, बसवून घेता येतो. हातावर टोचाटोची होत नाही आणि औषध बाहेर झिरपण्याचा धोकाही बराच कमी होतो.

उलटी

केमो आणि उलटी हे समीकरण लोकांच्या मनात सिनेमांनी आणि जुन्या अनुभवांनी घट्ट केले आहे. ते आता बरेच जुने झाले. औषध शरीरात गेल्यावर आतड्यातल्या काही पेशी सेरोटोनिन सोडतात. त्याचा निरोप मज्जातंतूवाटे मेंदूत पोहोचतो आणि पहिल्या २४ तासांतली उलटी होते. दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंतची मळमळ वेगळ्या मार्गाने, मेंदूतल्या दुसऱ्या एका रसायनामुळे येते. पहिल्या मार्गावर ऑन्डॅन्सेट्रॉनसारखी औषधे काम करतात. ती १९९० च्या सुमारास आली आणि केमोचे रूपच पालटले. दुसऱ्या मार्गावर २००३ पासून मिळणारे ॲप्रेपिटंट आणि त्याची भावंडे काम करतात. त्यांच्या जोडीला डेक्सामेथासोन आणि ओलान्झापिन. ओलान्झापिन मुळात मानसिक आजारांवरचे औषध आहे, त्यामुळे चिठ्ठीवर ते पाहून कोणी दचकू नये. त्याने दिवसभर गुंगी येते ही मोठी तक्रार होती. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम देऊन पाहिले. उलटी तितकीच रोखली गेली आणि गुंगी कमी झाली. हे संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

व्यवहारात चूक होते ती गोळ्यांच्या वेळेत. घरी दिलेल्या गोळ्या मळमळ सुरू झाल्यावर घ्यायच्या नसतात. ती सुरू होऊ नये म्हणून लिहून दिलेल्या दिवसांपर्यंत घ्यायच्या असतात. तरीही उलटी झाली तर ती सांगावी, म्हणजे पुढच्या डोसाला औषध बदलता येते. एकदा वाईट अनुभव आला की पुढच्या वेळी इस्पितळाच्या दाराशीच, नुसत्या वासाने मळमळू लागते. म्हणून पहिल्याच आवर्तनात उलटी रोखणे महत्त्वाचे आहे. ऑन्डॅन्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होते, व्हिन्क्रिस्टीनने तर फारच. त्यावर सौम्य रेचक पहिल्या दिवसापासून घेता येते. चार दिवस पोट साफ न होता कळ काढत बसण्याची गरज नाही.

दहावा दिवस

पाचेक दिवसांत मळमळ ओसरते, रुग्णाला बरे वाटू लागते, मुंबई-पुण्याला डोस घेतलेला माणूस गावी परततो. खरा धोक्याचा काळ नेमका तेव्हा सुरू होतो. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तात जेमतेम एखादा दिवस जगतात, प्लेटलेट आठ-दहा दिवस, तांबड्या पेशी १२० दिवस. मगजातले उत्पादन थांबले की सर्वांत आधी पांढऱ्या पेशी संपतात. डोसानंतर साधारण ७ ते १४ दिवसांत त्या तळाला जातात आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा वर येतात. न्यूट्रोफिलची संख्या ५०० च्या खाली गेली तर स्वतःच्याच आतड्यातले, एरवी निरुपद्रवी असलेले जंतू रक्तात शिरून काही तासांत जिवावर बेतू शकतात.

अशा वेळी पू होत नाही, सूज दिसत नाही, खोकलाही नसतो, कारण हे सगळे घडवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. खूण एकच: ताप. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त दिसले, किंवा थंडी वाजून हुडहुडी भरली, तर रात्र असो की सणवार, तडक इस्पितळ गाठायचे. पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहायची नाही. त्याने ताप उतरतो, जंतू तसेच राहतात. शिरेतून प्रतिजैविक पहिल्या तासाभरात मिळावे, असा वैद्यकातला दंडक आहे.

गडचिरोलीच्या किंवा हिंगोलीच्या एखाद्या गावात हे कसे साधायचे, हा खरा प्रश्न आहे. त्याची तयारी डोस घेऊन निघतानाच करावी लागते. घरात चालू थर्मामीटर असावा. घराजवळच्या कोणत्या इस्पितळात रात्री डॉक्टर असतो, रक्ताची तपासणी होते आणि इंजेक्शनचे प्रतिजैविक मिळते, याची आधीच चौकशी करून ठेवावी. कर्करोगतज्ज्ञाकडून एक चिठ्ठी लिहून घ्यावी: कोणती औषधे, कोणत्या तारखेला दिली, ताप आला तर काय करावे आणि कोणाला फोन करावा. गावच्या डॉक्टरला हा साधा विषमज्वर किंवा मलेरिया वाटू नये, यासाठी त्या चिठ्ठीचा उपयोग होतो. तालुक्यापर्यंत नेणारी गाडी कोणाची, हेसुद्धा ठरलेले असावे.

ज्या आराखड्यात पांढऱ्या पेशी फार घटतात, तिथे डोसाच्या दुसऱ्या दिवसापासून फिलग्रॅस्टिमसारखी, पेशी वाढवणारी इंजेक्शने देतात. त्याने कंबर, मांड्या, छातीचे हाड ठणकते. मगज कामाला लागल्याची ती खूण असते. पुढच्या डोसाआधी रक्त तपासून ‘काउंट’ पुरेसा नसेल तर डोस आठवडाभर पुढे ढकलला जातो. त्यात रुग्णाचा काही दोष नसतो. पपईच्या पानांचा किंवा गव्हांकुराचा रस पिऊन काउंट वाढवण्याचा आग्रह मात्र धरू नये. कच्च्या रसातून जंतू जाण्याची भीती नेमकी याच दिवसांत असते.

ताटात काय, तोंडात काय

त्याच सुमारास, पाचव्या ते चौदाव्या दिवसांत तोंड येते. ओठांच्या आत आणि जिभेवर चट्टे पडतात, गिळवत नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भराव्यात, मऊ ब्रश वापरावा, अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळावा. फाइव्ह-एफयू हे औषध झटकन टोचले जाते तेव्हा तोंडात बर्फाचे खडे धरल्याने तिथला रक्तपुरवठा तेवढ्यापुरता घटतो आणि चट्टे कमी पडतात. तंबाखू आणि मिश्री यांना या काळात पूर्ण रजा द्यावी. मिश्री लावल्याशिवाय सकाळ होत नाही अशा बायकांना त्यासाठी घरच्यांची मदत लागते, ओरडा नव्हे. पाणीही जाईना, तोंडात पांढरा थर दिसू लागला, तर डॉक्टरकडे जावे. तो बुरशीचा संसर्ग असतो आणि त्यावर औषध आहे.

खाण्याबाबत सल्ले देणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांतले बरेच रुग्णाच्या ताटातले काहीतरी काढून घेणारे असतात. साखर बंद, दूध बंद, अंडे बंद. ‘साखरेने कॅन्सर वाढतो’ म्हणून गोड तोडल्याने गाठ उपाशी मरत नाही. उपाशी राहतो तो रुग्ण. या काळात वजन आणि स्नायू टिकवणे हेच पथ्य. मेतकूट-तूप-भात, मुगाची मऊ खिचडी, पेज, नाचणीची आंबील, उकडलेले अंडे, पनीर, तिखट न घातलेले माशांचे कालवण, जे जाईल ते थोडे थोडे, दर दोन तासांनी द्यावे. फोडणीच्या वासाने मळमळत असेल तर स्वयंपाक सुरू असताना रुग्णाने दुसऱ्या खोलीत बसावे आणि अन्न कोमट झाल्यावर खावे. तोंडाला धातूची चव येत असेल, पण चट्टे नसतील, तर लिंबू किंवा आमसुलाच्या साराने रुची परत येते.

कच्चे काहीच खायचे नाही असा कडक नियम पूर्वी होता. अभ्यासांत त्याने संसर्ग कमी झाल्याचे दिसले नाही. स्वच्छ धुतलेले, सोललेले फळ चालते. रस्त्यावरची पाणीपुरी, बर्फ घातलेला उसाचा रस, न उकळलेले दूध, कच्ची मोड आलेली कडधान्ये आणि अर्धवट शिजलेले मांस मात्र टाळावे. जुलाब लागले तर मीठ-साखर-पाणी लगेच सुरू करावे. दिवसात चार-पाच वेळांहून जास्त झाले किंवा सोबत ताप असेल तर इस्पितळ. भस्मे, काढे, ‘कॅन्सरवरचे’ पुडीतले औषध घेत असल्यास डॉक्टरांना सांगावे. यकृतातून बाहेर पडणाऱ्या केमोच्या औषधांवर त्यांचा परिणाम होतो आणि बिघाड कशाने झाला ते कळेनासे होते.

केस, हातपाय आणि थकवा

केस सगळ्याच औषधांनी जात नाहीत. डॉक्सोरुबिसिन आणि पॅक्लिटॅक्सेलने जातात, पहिल्या डोसानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी, उशीवर आणि कंगव्यात झुबके दिसू लागतात. काही जणी आधीच केस बारीक कापून घेतात. गळण्याचा धक्का त्याने कमी होतो असा अनेकींचा अनुभव आहे. डोस चालू असताना डोक्याला गारवा देणारी टोपी काही केंद्रांत मिळते. तिने काहींचे केस बऱ्यापैकी टिकतात. रक्ताच्या कर्करोगात ती वापरत नाहीत. उपचार संपल्यावर महिना-दोन महिन्यांत नवे केस उगवू लागतात, आणि कधी सरळ केसांच्या जागी कुरळे येतात. वैद्यकीय दृष्टीने हा सर्वांत निरुपद्रवी दुष्परिणाम आहे. पण आजार चारचौघांत उघड होतो तो याच्यामुळे, आणि त्याचे दुःख खरे असते. ‘केसांचे काय एवढे’ असे कोणी म्हणू नये.

पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टीन यांनी हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, ब्लाउजचे हुक लागत नाहीत. ऑक्झॅलिप्लॅटिननंतर काही दिवस थंड पाणी प्यायले किंवा फ्रिजमधल्या वस्तूला हात लावला तरी झिणझिण्या येतात. हा त्रास डोसागणिक वाढत जातो आणि काही वेळा उपचार संपल्यावरही महिनोन्महिने राहतो, म्हणून तो लवकर सांगावा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येते. बधिर पायांना चटका किंवा जखम कळत नाही. घरातही चप्पल घालावी, गरम पातेले फडक्यानेच धरावे. कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात. दिल्लीच्या एम्समधल्या अभ्यासात डायक्लोफिनॅकचे साधे मलम हातांना लावल्याने हा त्रास बराच कमी झाल्याचे दिसले. डॉक्टरांना विचारून ते वापरता येते.

थकवा जवळजवळ सर्वांना येतो आणि झोपून तो जात नाही. रक्तक्षय, थायरॉइडचा बिघाड किंवा नैराश्य त्यामागे नाही ना, ते तपासावे लागते. त्यानंतरचा सर्वांत गुणकारी उपाय ऐकायला उलटा वाटतो: रोज थोडे चालणे. अंगणातल्या दहा मिनिटांच्या फेऱ्यांपासून सुरुवात करून हळूहळू वेळ वाढवावा. नावे न आठवणे, हिशेबात चुकणे असेही काही काळ होते. ते बहुधा हळूहळू ओसरते.

काही परिणाम मात्र खोल जातात. डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूला इजा करते, म्हणून त्याच्या आयुष्यभराच्या एकूण डोसाला चौरस मीटरला ४५० ते ५५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. स्तनाच्या कर्करोगातल्या चार आवर्तनांचे २४० होतात, म्हणजे मर्यादेच्या बऱ्याच आत. सिसप्लॅटिन मूत्रपिंडाला आणि कानांना जपून द्यावे लागते. त्याच्या आधी आणि नंतर लावलेल्या सलाईनच्या बाटल्या मूत्रपिंडासाठीच असतात.

घर आणि खर्च

कर्करोग संसर्गजन्य नाही. ताट-वाटी वेगळी ठेवायची, नातवंडांना जवळ येऊ द्यायचे नाही, हे निव्वळ क्रौर्य आहे. सर्दी-ताप असलेल्यांनी मात्र दूर राहावे. औषधाचा अंश डोसानंतर साधारण ४८ तास लघवी, शौच, उलटीतून बाहेर पडतो, एवढी काळजी खरी. या दोन दिवसांत संडासात भरपूर पाणी टाकावे, मळलेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत आणि ते काम गरोदर बाईला देऊ नये.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपीचा समावेश आहे. उपचार सुरू होण्याआधीच इस्पितळातल्या योजनेच्या कक्षात कागद द्यावेत, कारण मंजुरी आधी लागते. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरगावाहून येणाऱ्यांची दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत सोय होते. वैद्यकीय समाजसेवा विभागात विचारले तर अशा इतर जागा आणि मदत करणारे न्यासही कळतात. उपचारासाठीच्या रेल्वेप्रवासात रुग्णाला आणि सोबत्याला सवलत आहे. प्रत्येक डोसासाठी मुंबई गाठण्याचीही दर वेळी गरज नसते. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय किंवा बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय अशा केंद्रांत, आराखडा मोठ्या इस्पितळातून घेऊन डोस जवळ घेता येतील का, हे विचारावे.

शेवटचा डोस झाल्यावर कोणते औषध एकूण किती मिळाले, कोणत्या तारखांना, काय त्रास झाला आणि एकोचा निकाल काय होता, याचा सारांश डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. वीस वर्षांनी धाप लागून हृदयरोगतज्ज्ञाकडे जावे लागले किंवा आजार उलटून पुन्हा केमोची वेळ आली, तर पुढचा डॉक्टर पहिल्यांदा तोच कागद मागेल. त्याची एक प्रत फाइलमध्ये, एक मोबाइलमध्ये आणि एक घरातल्या दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवावी.